माळ्यावरचा इतिहास

दिवाळी तोंडावर आली की पुण्यातल्या घराघरांतून एक हाक हमखास ऐकू येते : "माळ्यावरून पणत्या काढा रे कुणीतरी!" वास्तविक वाडे गेले, त्यांच्या जागी सदनिका आल्या, आणि सदनिकेत माळा कुठला असायला? न्हाणीघराच्या डोक्यावर सिमेंटची एक रुंद फळी काढलेली असते, तिला आपण 'लॉफ्ट' म्हणतो आणि माळ्याचा सगळा संसार तिच्यावर नेऊन चढवतो. आकाशकंदिलाचा सांगाडा, चकलीचा सोऱ्या, आजीचे तांब्याचे घंगाळ, आणि फेकून देण्याचे धैर्य कोणाला झाले नाही म्हणून उरलेली एक ट्रंक. घर बदलले, भाषा बदलली. पण वरती काहीतरी ठेवून द्यायचे आणि वर्षातून एकदा ते खाली काढायचे, ही आपली सवय काही बदलली नाही.

या 'माळा' शब्दाचीही मोठी गंमत आहे. मुंबईकर तिसऱ्या माळ्यावर राहतो. पुणेकर माळ्यावर सामान ठेवतो. एकाच्या तोंडी तो मजला आहे, दुसऱ्याच्या तोंडी अडगळ. दोन शहरांच्या स्वभावातला फरक या एका शब्दात सापडेल असे कोणी म्हटले तर मी भांडायला जाणार नाही. परंतु मला या लेखात सांगावयाचे आहे ते निराळेच. जुन्या पुण्यात राहण्याची जागा आणि साठवणीची जागा यांच्यातली भिंत फार पातळ होती. साठवणीच्या माळ्यावर माणसे राहावयास गेली आणि राहत्या दिवाणखान्यांची कोठारे झाली, असे आपल्याकडे पुन:पुन्हा घडत आलेले आहे. ज्या वास्तूंना असे रूप पालटता आले त्यांतल्या पुष्कळ टिकल्या. ज्यांना ते आले नाही, किंवा कोणी येऊ दिले नाही, त्या गेल्या. जुन्या वास्तूचा इतिहास म्हणजे ती कोणी बांधली याचा इतिहास, असे आपण धरून चालतो. ती पुढे कोणकोणत्या कामाला आली आणि तिची डागडुजी कोणी केली, हा इतिहास मात्र माळ्यावरच पडून राहतो.

साठवणीची वास्तू ही आपल्या इतिहासात काही दुय्यम गोष्ट नव्हे. पन्हाळ्यावर गेलेल्या वाचकांनी तिथला अंबरखाना पाहिला असेलच. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नद्यांची नावे धारण करणारी ती दगडी कोठारे पाहिली म्हणजे किल्ला तोफांवर जितका लढतो तितकाच धान्यावर लढतो, हे एका दृष्टिक्षेपात उमगते. 'वखार' या शब्दालाही असाच इतिहासाचा वास आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्याला दारूगोळ्याची मदत केली. दुसऱ्याच वर्षी, १६६१ मध्ये, शिवाजी महाराजांनी राजापुरावर जाऊन त्या व्यापाऱ्यांना कैद केले. माल ठेवायची जागा असे आपण ज्या शब्दाने म्हणतो, त्या शब्दाच्या आड राजकारण केव्हा येऊन बसले हे कळलेदेखील नाही. पुढे हाच शब्द इतका घरगुती झाला की पुण्यात वखार म्हटले म्हणजे लाकडाची किंवा कोळशाची, एवढेच मुलांना ठाऊक असे.

पुण्याचा वाडा हा तर अर्धाअधिक कोठारच होता. दिंडीतून वाकून आत गेले की देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी, सोपा, माजघर, ही रचना आपण वर्णनांतून वाचतो. वर्णन करणारे लोक कोठीच्या खोलीपाशी मात्र थांबत नाहीत. इनामाच्या गावाहून वर्षाचे धान्य एकदम येत असे. ते कोठीत, भिंतीतल्या बळदात आणि जमिनीतल्या पेवात जिरत असे. वर माडी, माडीवर दिवाणखाना, आणि त्याच्याही वर कौलांच्या पोटात तो अंधारा माळा. तिथे जायचा जिना बहुधा भिंतीच्या जाडीतच काढलेला असे. एका वेळी एकच माणूस जाईल इतका अरुंद, आणि इतका उभा की चढताना गुडघा हनुवटीला लागावा.

या वास्तूंचे सगळे रहस्य त्यांच्या लाकडी सांगाड्यात होते. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट. यालाच आपण कडीपाट म्हणतो. पाटावर मातीचा थर आणि त्यावर शेणाचे सारवण, झाली माडीची जमीन. भिंती जाड असत. खाली दगड, वर विटा किंवा भेंडे. पण वरच्या मजल्यांचा भार प्रामुख्याने लाकूड पेलत असे. भिंती आडोसा देत आणि सांगाड्याला आधार देत. दोन खांबांमधल्या अंतराला 'खण' म्हणत आणि घराचे मापच खणांवर सांगत. शिवाय लाकूड लाकडाला बसवायचे ते खाच पाडून, कुसू घालून आणि लाकडी खुंटी ठोकून. म्हणजे जे जोडले ते सोडवताही येत असे. मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी उचलून आणले आणि शुक्रवार पेठेतल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा मांडले. पाहणारे तिथले कोरीव काम पाहून थक्क होतात. मला त्याहूनही नवल वाटते ते हे की, एखादा महाल सुटा करून दुसरीकडे नेता यावा अशा बेताने मुळात तो जोडलेला होता!

या सांगाड्याचे दोन वैरी. पहिला अग्नी. शनिवारवाडा १७३२ मध्ये वास्तुशांत होऊन नांदता झाला आणि २७ फेब्रुवारी १८२८ या दिवशी त्याला जी आग लागली तीत वरचे लाकडी वैभव जळून गेले. उरले ते बुरूज, तट आणि जोती. आज आपण पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवतो म्हणजे खरे पाहता त्याचे जोते दाखवतो. दुसरा वैरी पाणी. १२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले. मातीच्या भिंतींना पाण्यात उभे राहण्याची सवय नसते. कित्येक वाडे त्या दिवशी खचले. ज्यांच्या घरी त्या दिवसाच्या आठवणी सांगणारे कोणी असेल त्यांना हे मी अधिक सांगावयास नको.

आता एका वाड्याची जन्मकथा थोडी तपशिलात सांगतो, कारण माझा मुद्दा तीतूनच नीट कळेल. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. पुण्यातल्या त्या दिवाळीत पणत्या किती लागल्या असतील याची कल्पनाच करावी! दुसरे बाजीराव पुणे सोडून गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह करून बसले. १८०३ मध्ये ते परतले ते इंग्रजांच्या फौजेच्या आधाराने. आणि परतल्यावर त्यांनी काय केले? राज्य हातचे निसटत असताना वाडे बांधले. त्यांतला सर्वांत देखणा तो विश्रामबागवाडा. सुमारे दोन लक्ष रुपये खर्चून आणि काही वर्षे खपून तो १८०७ च्या सुमारास उभा राहिला. तीन चौक, सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब, आणि रस्त्यावर झुकलेली ती सागवानी दर्शनी बाजू. कारागिराने जीव ओतला होता यात शंका नाही. मालकाने मात्र पुढच्या दहा-अकरा वर्षांत राज्य गमावले. जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि ब्रह्मावर्ताला गेले. विश्रामबागेला विश्राम मिळाला तो एवढाच.

पेशवाई संपली तेव्हा या वाड्याचेही आयुष्य संपायला हरकत नव्हती. पुण्यात अशा कितीतरी वास्तू मालकाबरोबर गेल्या. पण ६ ऑक्टोबर १८२१ रोजी इंग्रज सरकारने येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशवे श्रावणमासात विद्वानांना जी दक्षिणा वाटत, त्या दक्षिणेच्या पैशांतून काही भाग वेगळा काढून तिचा खर्च चालवला. ज्या दालनांत नाच-गाण्यांच्या बैठकी झडल्या तिथे व्याकरणाची सूत्रे घोकली जाऊ लागली! हीच पाठशाळा १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झाली, १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि १८६८ मध्ये ती येरवड्याच्या दगडी इमारतीत गेली. वाड्यात मागे सरकारी शाळा राहिली.

मग १८७९ चा मे महिना आला. १३ मेच्या रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या दोन्ही वास्तूंना एकदमच आग लागली. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड त्या वेळी ऐन भरात असल्यामुळे सरकारचा संशय साहजिकच तिकडे गेला. पुढे दोषी ठरला तो वेगळाच माणूस. पण खरा बोध या आगीच्या नंतरच्या हकीकतीत आहे. बुधवारवाडा गेला तो गेलाच. आज त्याचे नाव घेऊन फक्त एक चौक उरला आहे. विश्रामबागवाड्याचा जळलेला भाग मात्र पुन्हा उभा केला गेला, आणि वाडा कामाला लागला. पुढे १९३० च्या सुमारास तिथे नगरपालिका आली. ती त्याआधी मंडईच्या इमारतीत, म्हणजे १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडलेल्या आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळालेल्या त्या अष्टकोनी मंडईत, वरच्या मजल्यावर बसत असे. खाली वांगी-बटाटे आणि वर ठराव-तहकुबी! मालाच्या डोक्यावर माणसांनी कारभार थाटायचा, हा पुण्याचा जुनाच शिरस्ता म्हणायचा. १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि त्यानंतर काही वर्षांनी ती शिवाजीनगरच्या आपल्या नव्या इमारतीत गेली.

महाल, पाठशाळा, शाळा, कचेरी, टपालघर, वाचनालय, प्रदर्शन : एका वाड्याने इतके संसार केले. या शतकाच्या आरंभी महापालिकेने त्याची दुरुस्ती हाती घेतली तेव्हा त्याचे लाकूड, त्याचा रंग आणि त्याच्या भिंती यांवर कित्येक पिढ्यांनी चढवलेले थर उतरवावे लागले. प्रत्येक भाडेकरू काही ना काही ठोकून, रंगवून, बुजवून गेलेला असतो. त्या ठोकाठोकीचा राग येतो खरा. पण मला तिचे ऋणही मान्य करावेसे वाटते. त्या लोकांनी कौले शाकारली, पन्हळी साफ केल्या, दिवा लावला. रोज कोणीतरी आत जात होते, म्हणून गळती लागली तर कोणाच्या तरी डोक्यावर पडत होती. रिकाम्या वाड्याची गळती कोणाच्याच डोक्यावर पडत नाही, आणि म्हणून ती कोणालाच कळत नाही.

हे झाले सरकारी वाड्याचे. खासगी माणसाच्या चार भिंतींचे काय, हे मी अलीकडे जवळून पाहिले. पुण्याचा धान्याचा आणि गुळाचा घाऊक बाजार पूर्वी भवानी पेठ आणि नाना पेठ या भागात होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, आणि मागे राहिल्या त्या जुन्या वखारी. माझ्या एका स्नेह्यांच्या वाडवडिलांची अशीच एक वखार तिकडच्या एका बोळात होती. खाली गाळा, वर माडी, त्याच्यावर माळा, आणि माळ्याच्या एका कोपऱ्यात चार फळ्यांचा आणखी एक पोटमाळा. गुळाचा धंदा उठला, मग काही वर्षे कोणाचे तरी फर्निचर पडून होते, मग कुलूप. भावाभावांत विकण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. पाडून बांधू या असे म्हणणारे पुष्कळ होते. हिशेबाने पाहिले तर त्यांचे चूक नव्हते. शेवटी स्नेह्यांच्या वडिलांनी, ज्यांना सगळे नाना म्हणतात त्यांनी, एक वर्षाची मुदत मागून घेतली. "वर्षात राहण्याजोगी झाली तर माझी, नाही तर तुमची," असा तो करार.

दुरुस्तीचे काम चालू असताना मी तिकडे अनेकदा जाऊन बसलो. पहिले पंधरा दिवस तर नुसते खाली काढण्यातच गेले. भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा खरवडला तेव्हा आतली माती ओलीच निघाली. मिस्त्री म्हणाले, "नाना, भिंतीला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती कुणी. चुना असता तर पाणी आलं तसं गेलं असतं. सिमेंटनं ते आत कोंडलं." मग त्यांनी हातोडीच्या दांड्याने एकेक तुळई वाजवून पाहिली. खणखणीत वाजली की पुढे; भद्द वाजली की खडूने फुली. नानांनी भीतभीत विचारले, "सगळ्याच बदलाव्या लागणार का हो?"

"छे! लाकूड मधे कुजत नाही, नाना. टोकाला कुजतं, भिंतीत शिरतं तिथं. टोक कापू, नवं सागवान जोडू. बाकीची तुळई आपल्या नातवाला पुरेल."

आणि तसेच झाले. टेकू लावून वरचा भार उचलून धरायचा, कुजलेले टोक कापायचे, तिरपा सांधा करून नवे लाकूड बसवायचे, खुंट्या ठोकायच्या, मग टेकू हळूच सैल करायचे. एकेका टोकाला दोन-दोन, तीन-तीन दिवस. कंत्राटदाराने आधी सल्ला दिला होता की माडीवर सिमेंटचा स्लॅब टाकून मोकळे व्हा. मिस्त्रींनी त्यावर एवढेच म्हटले, की म्हाताऱ्याच्या खांद्यावर पैलवान बसवू नये. ज्या भिंती मातीच्या आहेत त्यांच्यावर स्लॅबचे ओझे टाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, तर पाडण्याची तारीख ठरवणे होय. कडीपाट सुतासारखा सरळ करणाऱ्या त्या हातांकडे पाहताना मला वाटले, की आपण वास्तूंच्या याद्या करतो, फलक लावतो. पण सांधा करणाऱ्या हातांची यादी कोण करणार? मिस्त्रींचा मुलगा त्या धंद्यात नाही. त्याला त्यात दोष देता येत नाही. असे काम महिन्या-दोन महिन्यांत एकदा निघाले तर निघाले.

माळा राहण्याजोगा करणे हे आणखी अवघड. गुळाच्या ढेपेला उभे राहावे लागत नाही, म्हणून वळचणीकडे उतार इतका खाली येतो की माणसाला रांगत जावे लागते. तिथे पुस्तकांची बुटकी कपाटे केली. उजेडासाठी भिंत फोडण्याऐवजी मंगलोरी कौलांत मधून मधून काचेची कौले बसवली. दुपारी त्यांतून उन्हाचे चौकोन जमिनीवर सरकत जातात. मंगलोरी कौल हेही तसे नवागतच. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना काढला आणि पुढे त्याने आपल्याकडची नळीची कौले मागे सारली. आज आपण त्यालाच 'जुने कौल' म्हणून जपतो. आढ्याच्या लाकडाला एक लोखंडी कडी होती. तिला कप्पी लावून पोती वर घेत असत. ती तशीच ठेवली. नातवंडांनी तिला झोका बांधला.

पण माझे लक्ष वेधले ते जिन्याने. माडीकडे जाणाऱ्या त्या लाकडी जिन्याच्या प्रत्येक पायरीला मधोमध खळगा पडलेला होता, जात्याच्या पाळीसारखा गुळगुळीत. नवा जिना करावा असे घरातल्या तरुण मंडळींचे म्हणणे. नाना म्हणाले, "हे खळगे आपल्या पायांनी नाही पडलेले. आपण माडीवर बसून हिशेब लिहीत होतो." ते खळगे हमालांच्या पायांनी पडले होते. कप्पीने जे वर जात नसे ते पाठीवरून जाई. आणि शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन असा उभा जिना दिवसातून कितीदा चढायचा याला गणती नव्हती. याच पेठांतल्या हमालांना १९५५ च्या सुमारास बाबा आढावांनी हमाल पंचायतीत एकत्र आणले, आणि १९६९ मध्ये माथाडी कामगारांचा कायदा झाला. वखारीच्या मालकाचे नाव कागदोपत्री सापडते. पोते वाहणाऱ्याचे नाव कुठेही नाही. त्याची सही तेवढी पायरीवर आहे. जिना बदलला नाही. पायऱ्यांच्या खालून आधार दिला आणि वरचे खळगे तसेच राहू दिले. वर्ष सरायच्या आत नाना तिथे राहायला गेले. भावांनीही करार पाळला, हे सांगितले पाहिजे.

ही हौस जगात इतरत्रही आहे, आणि तिची दुसरी बाजूही आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागात एकोणिसाव्या शतकातल्या बिडाच्या दर्शनी खांबांच्या मोठमोठ्या वखारी आणि कारखाने होते. धंदे उठले, इमारती ओस पडल्या, आणि गेल्या शतकाच्या मध्याला चित्रकार-शिल्पकार तिथल्या 'लॉफ्ट'मध्ये जाऊन राहू लागले. मोठी जागा, भरपूर उजेड आणि कमी भाडे. कायद्याने ते राहणे बेकायदा होते. १९७१ मध्ये कलावंतांपुरती परवानगी मिळाली आणि १९८२ मध्ये अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदाही झाला. पण तोवर त्या जागांची अशी काही फॅशन झाली, की ज्या कलावंतांनी त्या राहत्या केल्या त्यांनाच पुढे तिथे राहणे परवडेना. त्याच १९८२ मध्ये, १८ जानेवारीला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या आवारांत दुकानांचे झगमगते महाल आणि उंच मनोरे उभे राहिले. काही ठिकाणी चिमणी तेवढी राखली आहे. चिमणी राखली ही गोष्ट चांगलीच. पण भोंगा ऐकून उठणारा माणूस तिथून कुठे गेला, हा प्रश्न चिमणीला विचारून उपयोग नाही. वास्तू वाचली आणि माणसे गेली, अशा दुरुस्तीला पुरी दुरुस्ती म्हणावयास माझे मन घेत नाही.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या बुधवार पेठेतच आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. त्या वाड्याचे मोल कोरीव खांबांत नव्हतेच. मुली त्या दारातून आत गेल्या, एवढ्यातच ते सगळे होते. तिथे दुकाने होती, वर्दळ होती, म्हणजे वहिवाट तुटलेली नव्हती. पण वर्षानुवर्षे वाद चालला, आणि वाद चालू असताना कौले कोण शाकारणार? वरचे मजले डोळ्यांदेखत ढासळत गेले. अखेरीस न्यायालयाचा निर्णय झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा उतरवला गेला. आता त्या जागी राष्ट्रीय स्मारक करावयाचे ठरले आहे. स्मारक व्हावे, भव्य व्हावे. तरीही मनात येते, की शेवटच्या पेशव्याचा रंगमहाल उभा आहे आणि मुलींच्या पहिल्या शाळेचा जिना मात्र आपल्याला दाखवता येत नाही. इतिहासाने असा न्याय का केला? बाजीरावांवर आपले प्रेम अधिक होते म्हणून नव्हे. विश्रामबागेला दर पिढीत कोणी ना कोणी जबाबदार धनी मिळाला, आणि भिडेवाड्याला धनी पुष्कळ असूनही जबाबदार कोणीच नव्हता.

यात मालकांनाच तेवढे झोडपणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला छप्पर मिळाले हे त्याचे मोठे पुण्य. पण त्या भाड्यात छपराची डागडुजी होणे पुढे पुढे अशक्यच होते. १९९९ चा नवा कायदा येईतो अर्धशतक लोटले. मालक म्हणे, भाडे वाढवा मग कौले बदलतो. भाडेकरू म्हणे, कौले बदला मग भाड्याचे बोलू. दोघेही आपापल्या परीने खरे, आणि पाऊस दोघांच्याही डोक्यावर. माझ्या ओळखीच्या एका वाड्यात हा संवाद तीस वर्षे चालला होता. आज तिथे सहा मजली इमारत आहे, आणि दोन्ही पक्षांची मुले एकाच लिफ्टने वर जातात.

म्हणून वाचकहो, जुने ते सगळे राखा असे मी म्हणणार नाही. तसे राखता येत नाही, आणि राखूही नये. पाऊस गळणाऱ्या माळ्याखाली ज्यांना बादल्या मांडाव्या लागतात त्यांना वारशावर व्याख्यान देणे हा शहाणपणा नव्हे. एवढेच म्हणेन, की पाडण्याआधी तुळई वाजवून पाहावी. बहुतेक वेळा टोक तेवढे कुजलेले असते. त्या वास्तूला नवे काम देता येईल काय, ते काम करणारे हात अजून शिल्लक आहेत काय, आणि तिथे घाम गाळलेल्या माणसांची खूण त्या नव्या कामात राहील काय, हे तीन प्रश्न विचारून मग काय तो निर्णय करावा. आपल्या पूर्वजांनी घरे अशी बांधली की त्यांचा एकेक सांधा सोडवता यावा आणि पुन्हा बसवता यावा. पुढच्या पिढीला बदल करावे लागतील हे त्यांनी गृहीत धरले होते. बदलायचे कसे, हे शिकवणारा मिस्त्री मात्र घरोघर शोधावा लागेल, आणि तो सापडला तर त्याच्या हाताखाली एखादा पोरगा नेमून द्यावा लागेल. हे काम फलक लावण्याहून कठीण आहे. पण ते झाले, तर आणखी शंभर दिवाळ्यांच्या पणत्या त्या कडीपाटाखाली सुखाने तेवतील.